मार्चपर्यंत अशी हो

“रेणू, गळ्याची ओढणी काढ बरं,” ह्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ती स्टुलावर नुसतीच सावरून बसली.

मी आत कॉम्प्युटरवर होते. लाइट जायला जेमतेम अर्धा तास उरला होता. त्या वर्षी आमच्या बार्शीत रोज अकराच्या ठोक्याला लाइट जायची ती तीनला यायची, आणि दहावीच्या फॉर्मचे फोटो दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे होते. मुलींची रांग सकाळी आठपासून लागलेली. रेणू माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची, एकुलती एक लेक. घरचीच म्हणून तिला पहिली बसवायला निघाले तर म्हणाली, त्यांचं होऊ दे आत्या, मला घाई नाही. शेवटची मुलगी पायऱ्या उतरून गेली तेव्हा कुठं बाईसाहेब स्टुलावर येऊन बसल्या.

आमच्या स्टुडिओत फोटो हे काढायचे आणि टचिंग माझ्याकडं. टचिंग म्हणजे निघालेल्या फोटोवर हात फिरवणं. लग्न होऊन आले तेव्हा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं करत होते, पुढं कॉम्प्युटर आला तर तोही शिकले. कुणाचा डाग घालवायचा, कुणाच्या डोळ्याखालचं काळं काढायचं. गावातल्या निम्म्या पोरींची लग्नं माझ्या बोटांनी जमवलीत, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे आणि ती हसायची. हसवणं हे माझं दुसरं काम. कॅमेऱ्यासमोर माणूस आखडून बसतं, त्याला हसवल्याशिवाय फोटो धड येत नाही, आणि हे पडले अबोल. तेव्हा बोलायचं सगळं मी. एकदा तोंड सुटलं की मला धरबंध नसायचा, आणि त्याचं मला कौतुकच होतं.

पडदा सारून मी बाहेर आले. रेणू अंगानं भरलेली. भरलेली कसली, जाडी म्हणायचो आम्ही तिला, तोंडावर म्हणायचो, आणि लाडानं म्हणतोय असं समजायचो. बाराव्या वर्षापासून वजन वाढत गेलं, मग तोंडावर पुटकुळ्या आल्या, आणि मान काळी पडत गेली. मागून आणि दोन्ही बाजूंनी, वळ्यांच्या आत, जाडसर मखमलीसारखा काळा पट्टा. तो मळ आहे याबद्दल घरात दुमत नव्हतं. पोरगी आळशी आहे, अंघोळीला नीट बसत नाही, झालं. शैला, म्हणजे माझी भावजय, दर रविवारी तिला न्हाणीत बसवून मान घासायची. शैला बिचारी साधी बाई. तिला कुणी काही सांगितलं की ती ते मन लावून करायची, आणि वजरीच्या दगडानं घास हे तिला मीच सांगितलेलं होतं.

“काय गं, बार्शीत बर्फ पडलं का?” असं म्हणत मी रेणूच्या गळ्याची ओढणी ओढून घेतली. पहिल्या फोटोत तिचे डोळे कॅमेऱ्याकडं नव्हतेच, माझ्या हातातल्या ओढणीकडं होते. दुसरा बरा आला.

फोटो पडद्यावर घेतला तशी ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. माझं काम बघायला तिला लहानपणापासून आवडायचं. त्या दिवशी सकाळपासून मी साठेक मुलींचे फोटो पुढं ढकलले होते. उजेड सारखा केला, कडा कापल्या, संपलं. बोर्डाच्या फॉर्मला एवढंच लागतं. पण ही माझी भाची. देवाशप्पथ सांगते, प्रेमानं केलं मी ते. दोन्ही गाल आत घेतले. हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढून टाकली. पुटकुळ्या एकेक करून पुसल्या. मानेला कपाळाचा रंग घेतला आणि फिरवला. पंधरा मिनिटं गेली असतील. पडद्यावर एक सडपातळ, नितळ मुलगी बसली होती. डोळे तेवढे रेणूचे होते.

रेणू पुढं वाकली. “ही मी आहे?”

“आहेस कुठली, व्हायचंय,” मी म्हटलं. “मार्चपर्यंत अशी हो बाई. नाहीतर परीक्षेच्या हॉलमध्ये तिकिटावरचा फोटो बघतील, तुझ्याकडं बघतील आणि म्हणतील, ही डमी बसलीय, काढा हिला बाहेर.”

मी हसले. हेही हसले, आणि हे सहसा हसत नाहीत. रेणूही हसली, निदान मला तसं दिसलं. मागच्याच वर्षी कुठल्याशा केंद्रावर एकीच्या नावावर दुसरीच पेपर लिहिताना सापडली होती आणि दहावीच्या पोरींमध्ये त्याची फार चर्चा होती. मला हे माहीत होतं, म्हणून तर विनोद सुचला. रेणूनं फोटोंचं पाकीट दप्तरात ठेवलं, ओढणी पुन्हा गुंडाळली आणि गेली. तेवढ्यात लाइटही गेली.

भाऊबीजेला सुधाकर, शैला आणि रेणू आमच्याकडं आले. फराळाची ताटं मांडली तर रेणूनं चिवड्यातल्या चार कुरमुऱ्यांशी चाळा केला आणि ताट सरकवून दिलं. करंजी तिचा जीव की प्राण, तिला हात लावला नाही. मी नीट बघितलं तर पोरगी उतरली होती. गाल बसले होते, ड्रेस खांद्यावर ढिला झाला होता. सगळे एका सुरात कौतुकाला लागले. सुधाकर म्हणाला, आता कुठं माझी लेक शोभते. शैलाच्या तोंडावर तर दिवाळी मावत नव्हती. आणि सगळ्यांत जास्त कोण बोललं असेल तर मी.

“कसं जमवलंस गं एवढं?” मी विचारलं.

“तूच तर सांगितलंस,” ती म्हणाली.

मला गुदगुल्या झाल्या. तिला काय म्हणायचंय हे मी विचारलं नाही, मला विचारावंसंही वाटलं नाही. पुढं आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होते, आमची रेणू आईबापाचं ऐकत नाही, पण आत्याच्या शब्दाबाहेर नाही.

संक्रांत झाल्यावर शैला एकदा दुपारी दुकानात आली. ती अशी कधी येत नसे. बाकावर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की रेणू जेवत नाही. सकाळी अर्धी भाकरी, ती पण उभ्यानं, आणि संध्याकाळी अभ्यासाचं निमित्त करून ताटावर येतच नाही. पाळी दोन महिने आली नाही. केस विंचरले की फणी भरून येते. आणि पूर्वी मान घासायची म्हटलं की पळायची, आता रोज स्वतःहून पाट घेऊन बसते आणि म्हणते, आई, अजून घास, जोरात घास. लिंबू लाव, सोडा लाव. रक्त आलं तरी हूं म्हणून बोलत नाही.

“वन्सं, तुमचं ऐकते ती,” शैला म्हणाली. “एकदा येऊन बोला ना तिच्याशी.”

येते म्हटलं. लग्नसराई चालू होती. रोज एक लग्न, रोज तीनशे-चारशे फोटो, हे बाहेर आणि मी एकटी कॉम्प्युटरवर. उद्या जाऊ, परवा जाऊ असं करत फेब्रुवारी सरत आला. भावाचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटांवर. मी गेले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी बाराच्या सुमाराला, रेणूच आली. हे कुठल्याशा लग्नाला गेले होते, दुकानात मी एकटी. तिला दारात बघितलं आणि माझ्या हातातला डबा तसाच राहिला. एवढ्या उन्हात गळ्याला ओढणी, वर ड्रेसची कॉलर. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, मनगटाची हाडं वर आलेली. पंधरा वर्षांच्या पोरीचा चेहरा तो नव्हताच.

“हॉल तिकीट मिळालं,” ती म्हणाली आणि भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. दप्तरातून तिकीट काढून तिनं गालाला लावून धरलं. शाळेनं मी केलेलाच फोटो चिकटवून त्यावर शिक्का मारलेला होता.

“बघ ना आत्या, झाले का मी? शाळेतल्या मुली म्हणतात, या वर्षी सक्त तपासणार आहेत.”

मला अजून काही कळत नव्हतं. मी म्हटलं, काय झालीस का, कशासारखी?

“फोटोसारखी,” ती म्हणाली. “गाल झालेत बहुतेक. पण मान होत नाहीये. मी रोज घासते. सहा तारखेला पहिला पेपर आहे, आठच दिवस राहिलेत. तू कॉम्प्युटरवर कशानं केलीस गं? तसलं काही लावायला मिळतं का?”

आणि तिनं ओढणी काढली.

मानेची कातडी सोलून निघाली होती. मागच्या बाजूला लाल मांस दिसत होतं आणि कडेनं पिवळं पाणी वाहत होतं. ओढणीला चिकटलेलं ते निघताना पुन्हा रक्त आलं, तरी तिचं लक्ष आरशात, तिकिटावर. मी तिचा हात धरला तर तो भाजत होता. भोवळ आली तशी ती माझ्या अंगावरच आली, आणि तिचं वजन ते किती. मी तिला धरून खाली बसवलं, समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली, दुकान उघडं टाकून निघाले. रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिकीट मुठीत घट्ट होतं. मी सोडवायला गेले तर म्हणाली, चुरगळेल, असू दे.

गुळवे डॉक्टर आमच्या घरचेच. त्यांनी सलाइन लावलं, मान धुऊन औषध घातलं. शैला अनवाणीच धावत आली. सुधाकर सोलापूरला गेलेला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना कॉटजवळच उभं केलं आणि शैलाला विचारलं, मान कुणी घासली.

“मी,” शैला म्हणाली. “मळ आहे म्हणून घासत होते.”

डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे समजावून सांगितलं. म्हणाले, हा मळ नाहीच. काही मुलांचं वजन वाढतं तेव्हा शरीरात आतून बदल होतात, त्यानं मानेची, काखेतली कातडी अशी जाड आणि काळी पडते. पुष्कळ मुलांना होतं. घासून जात नाही, घासलं की उलट वाढतं. वजन हळूहळू, पोटभर नीट खाऊन, खेळून-फिरून उतरलं की तेही थोडं उतरतं, आणि नाही उतरलं तरी त्यात पोरीचा काही दोष नाही. मग ते रेणूकडं वळले.

“बाळ, तू जेवत का नव्हतीस?”

“मला बारीक व्हायचं होतं. परीक्षेच्या आधी.”

“परीक्षेचा आणि त्याचा काय संबंध? कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?”

रेणूनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एवढंसं. मी समोरच्या भिंतीवर लसींचा तक्ता होता तो वाचायला लागले. पोलिओ, गोवर, धनुर्वात. सगळा वाचला.

“कुणी नाही,” रेणू म्हणाली. “मीच.”

तशी शैला कॉटच्या कडेला बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. “माझंच पाप आहे हो डॉक्टर. मी तिला जाडी म्हणायची. माझ्याच हातानं सोलली मी तिला.” ती हमसून हमसून रडत होती आणि मी काय करत होते, तर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. उगी, उगी, म्हणत होते. कुणी बाहेरचं बघत असतं तर म्हणालं असतं, काय नणंद आहे.

दुसऱ्या दिवशी शैला अंघोळीला घरी गेली तेव्हा मी रेणूपाशी बसले. ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते की पेपरला बसता येईल. पण तिचा जीव कुठं अडकलाय ते मला आता माहीत होतं. रात्री झोपेत दोनदा म्हणाली होती म्हणे, मला आत घ्या, मीच आहे.

“रेणू,” मी म्हटलं, “अगं, मी थट्टा केली होती. असं जुळवून कुणी बघत नसतं.”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

“थट्टा होती तर फोटो का बदललास?”

“सगळ्यांचेच करतो गं आम्ही. धंदाच तो आमचा.”

“नाही आत्या. तिकिटं वाटली तेव्हा मी सगळ्यांची बघितली. आसावरीच्या गालावरचा वण आहे तसा आहे. शबानाचे दात आहेत तसेच आहेत. सगळ्या आपापल्या आहेत. माझ्याच तिकिटावर दुसरी कुणीतरी आहे.”

मी उठून तिची चादर सारखी केली.

“आईला वाटतंय तिच्यामुळं झालं,” रेणू म्हणाली. “रात्रभर रडत होती. मी काही बोलले नाही तिला. तू सांग.”

“सांगते,” मी म्हटलं. “परीक्षा होऊ दे तुझी. निवांत सांगते.”

ती मग भिंतीकडं तोंड करून झोपली.

त्याच दुपारी मी शाळेत जाऊन तिच्या बाईंना भेटले. फोटो जरा वेगळा आलाय, बदलता येईल का, असं विचारलं. आलाय म्हटलं, केलाय म्हणायला जीभ वळली नाही. बाई म्हणाल्या, शिक्का पडलाय, आता काही होत नाही, आणि फोटोकडं कोण बघतंय, नंबर बघतात. मी हे रेणूला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसत होतं, आणि का बसावा.

सहा मार्चला सुधाकरनं आम्हा तिघींना केंद्रावर सोडलं आणि तो त्याच्या कामाला गेला. मानेवर औषधाची मऊ पट्टी, पोटात शैलानं बळंबळं घातलेला दूधभात. रेणूनं तिकिटाच्या फोटोवर अंगठा दाबून धरला होता. फाटकातून आत जाताना तिनं वळून बघितलं. भीतीनं तिचा चेहरा पांढरा पडला होता. पंधरा वर्षांची पोर, वर्षभर मर मर अभ्यास केलेली, आणि तिला प्रश्नपत्रिकेची भीती नव्हती, तिला स्वतःच्या तोंडाची भीती होती. आणि ती तिला मी घातली होती.

घंटा झाली. फाटक लागलं. आम्ही दोघी समोरच्या लिंबाखाली बसलो. बाकीच्या आया पोळी-भाजीचे डबे उघडून गप्पा मारत होत्या. शैला फाटकाकडं डोळे लावून होती. थोड्या वेळानं तिनं हात जोडले आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली, “भगवंता, पोरीला धड बाहेर आण. मी गोड सोडलं आजपासून. मरेपर्यंत.”

“अगं, असलं काय करतेस,” मी म्हटलं.

“काहीतरी केलंच पाहिजे वन्सं. चूक माझी आहे. तिची मान बघितली की मला जेवण जात नाही.”

शैलाला गोडाचं किती वेड. वाटीभर बासुंदी असली की बाई पंक्तीत शेवटपर्यंत बसून राहायची, आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. मी तिच्या शेजारी बसले होते, आमच्या गुडघ्याला गुडघा लागत होता. तीन तास होते माझ्यापाशी. एक वाक्य बोलायचं होतं. शैला, मी तिला म्हटलं होतं, मार्चपर्यंत अशी हो. एवढंच. पाणी पिऊन आले, पुन्हा बसले. मनात म्हटलं, आता इथं चारचौघांत कुठं, घरी गेल्यावर सांगू. मग म्हटलं, सगळे पेपर होऊ देत. असं करत दोन वाजले.

मुली बाहेर यायला लागल्या. रेणू दिसेना तशी शैला उठून फाटकाशी गेली, मी तिच्यामागं. अगदी शेवटी ती आली, सावकाश, पट्टीला हात लावत. शैलानं तिला जवळ घेतलं, पेपर कसा गेला विचारलं. बरा गेला, ती म्हणाली. मला राहवलं नाही.

“बघितलं का गं कुणी?” मी विचारलं.

“नाही आत्या.” तिच्या आवाजात आनंद नव्हता. “मी तिकीट पुढं केलं, तोंड वर केलं. बाईंनी नंबर बघितला, सही केली आणि पुढं गेल्या. फोटोकडं बघितलंच नाही. माझ्याकडंही नाही.” आणि मग तिनं तिकिटावरचा अंगठा काढला. “पाच महिने, आत्या.”

“कुणी काय बघायचं होतं?” शैलानं विचारलं. तिनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

रेणू रागावलेली नव्हती. डोळे पुसून ती माझ्याकडं बघत उभी राहिली, माझी वाट बघत. भोवती गर्दी होती, पण आमच्या तिघींपुरती जागा तिथं होती.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “तिकीट नीट तपासलं का, एवढंच. चला, ऊन फार झालंय.”

शैलानं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, “वन्सं, त्या दिवशी तुम्ही दुकान टाकून रिक्षा केली नसतीत तर माझी पोर हाताला लागली नसती. तुमचे उपकार मी कसे फेडू?” रेणू तोवर रस्त्याला लागली होती. ती मागं वळली नाही.

याला आता पंधरा वर्षं झाली. रेणू दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, शिकली, पुण्यात बँकेत लागली. अंगानं पुन्हा भरली. मान अजून थोडी काळसर आहे, त्याचं तिला काही वाटत नाही, किंवा वाटत असेल तर ती मला सांगत नाही. ती मला काहीच सांगत नाही. सणावाराला येते, वाकून नमस्कार करते, तब्येत विचारते आणि उठते. मी कितीदा ठरवलं. सुधाकरच्या साठीला ठरवलं, ह्यांच्या आजारपणात ठरवलं. दर वेळी काहीतरी निमित्त मिळतं. शैला माझ्याशी इतकी चांगली वागते की तोंड उघडायला धीर होत नाही, हे त्यातलं सगळ्यांत जुनं निमित्त.

रेणूचं लग्न कार्यालयात झालं, पण घरच्यांची शेवटची पंगत रीतीप्रमाणं खाली बसली. नवरा-नवरी, व्याही मंडळी, सुधाकर आणि शैला. जिलबी वाढायला मी घेतली, आत्याचा मान म्हणून. आग्रह करत, चेष्टा करत, हसवत मी पंक्तीत फिरत होते. तोंडाची सवय काही जात नाही. शैलाच्या पानाशी आले तर तिनं पानावर हात आडवा धरला. शेजारच्या विहीणबाई म्हणाल्या, अहो, लेकीच्या लग्नात तरी तोंड गोड करा.

“नाही हो,” शैला हसून म्हणाली. “माझ्या हातून पोरीचे फार हाल झाले होते एकदा. त्यापायी सोडलंय.”

समोरच्या पानावर रेणूचा घास थांबला. तिनं वर माझ्याकडं बघितलं, पुन्हा तसंच, वाट बघत. सगळी माणसं घरचीच होती. जिलबीचं ताट माझ्या हातात होतं.

मी पुढच्या पानावर वाढलं.